आधी एक घोट मी

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात मी माहेरी होते. माझं माहेर वाशिंदपासून मैलभर आत, भातसा नदीच्या काठचं एक खेडं. सासर लांब, मुरबाडच्या पुढे धसईकडे. लग्न झालेली मुलगी एवढे महिने माहेरी राहिली की लोक विचारतात, पण मला कोणी काही विचारत नव्हतं. मार्गशीर्षात माझे यजमान मला आणून सोडून गेले होते. ओटीवर बसून ते वहिनीला म्हणाले, "राहू दे हिला थोडे दिवस. तिकडं कोणाशी बोलत नाय." वहिनी म्हणाली, "राहू द्या की. घर तिचंच हाय." मी तिथेच दाराला टेकून उभी होते.

आमचा मुलगा भाद्रपदात गेला होता. चौदा महिन्यांचा होता. वहिनीला ते माहीत होतं, गावालाही माहीत होतं, म्हणून कोणी विषय काढत नसे.

मी काम करत होते. सांगितलं की करायची. वहिनी म्हणे, "वन्सं, दळण घ्या," की मी जात्यावर बसे. एकदा जात्यातलं धान्य संपलं तरी मी जातं ओढत राहिले. दगडावर दगड फिरल्याचा आवाज ऐकून वहिनी आतून आली आणि तिनं खुंट्यावरचा माझा हात धरला. जेवायला वाढलं की जेवायची. वाढलं नाही तर माझ्या लक्षात येत नसे. तहानही लागत नसे. दु:ख होत होतं असंही मला आठवत नाही. लोक म्हणतात पोटात आग पडते, काळीज तुटतं. माझं तसं काही झालं नाही. लाकडाच्या फळीवर कोणी हात ठेवावा आणि फळीला कळू नये, तसे ते महिने गेले.

माझा थोरला भाऊ स्टेशनाकडच्या रस्त्यावर गवताच्या वखारीत मुकादम होता. शहापूरच्या माळांवरचं गवत दिवाळीनंतर कापून वाळवायचं, बैलगाड्यांनी वखारीत आणायचं, तिथे दाबात, म्हणजे गवत आवळायच्या मोठ्या यंत्रात, घालून त्याच्या गाठी बांधायच्या. त्या गाठी रेल्वेनं मुंबईला जात, तबेल्यांतल्या म्हशींसाठी आणि घोड्यांसाठी. पावसाळा तोंडावर येईपर्यंत हे काम चाले. कामाला डोळखांबकडच्या डोंगरातली कातकरी कुटुंबं खाली येत आणि वखारीच्या मागे खोपटं घालून राहत. पुरुष दाब फिरवीत, बायका गवत उचलून आणून देत, जरा मोठी पोरं विखुरलेल्या काड्या गोळा करीत. म्हातारी माणसं वर डोंगरातच राहिलेली असत. त्यामुळे रांगणारी आणि नुकती चालायला लागलेली जी पाच-सहा मुलं होती, त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हतं.

शिमगा झाल्यावर एके दिवशी त्यातलं एक मूल दाबाच्या खाली जाऊन बसलं. वेळेवर दिसलं म्हणून वाचलं. त्या संध्याकाळी भाऊ जेवताना मला म्हणाला, "बाय, तू येशील का वखारीत? काय करायचं नाय. सावलीत बसायचं नि पोरांवर लक्ष ठेवायचं. पानी मागितलं तर द्यायचं."

वहिनी म्हणाली, "कातकऱ्यांच्या पोरांत?"

"शिवायचं कशाला? लांबून द्यायचं. वरून ओतायचं."

मी "बरं" म्हटलं. तो म्हणाला असता की स्टेशनावर जाऊन उभी राहा, तरी मी बरंच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. सकाळी गावाच्या विहिरीचं पाणी दोन कळशा भरून न्यायची. कातकऱ्यांना आमच्या विहिरीवर येता येत नसे. ते नदीच्या वाळूत खड्डा उकरून त्यात झिरपलेलं पाणी आणीत. वखारीच्या कडेला एक करंजाचं झाड होतं. त्याखाली मी कळशा ठेवून बसे आणि मुलं समोर धुळीत खेळत. हवेत सगळीकडे गवताचा भुगा आणि कुसळं. तासाभरात जिभेवर भुग्याचा थर येई.

वरून पाणी ओतणं मला माहीत होतं. आमच्या दारी कोणी कातकरी आला की आई तसंच पाणी देई. तो ओंजळ करी, आई तांब्या उंच धरून ओती. पण ओंजळ मोठ्या माणसाला जमते. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला ती येत नाही. त्याची बोटं जुळत नाहीत. मी ओतलेलं पाणी त्यांच्या हातांतून कोपरापर्यंत, तिथून पोटावर आणि तिथून जमिनीवर जाई. मुलांना त्याची गंमत वाटे, ती हसत. तोंडात एखादा थेंब जाई. पहिले दोन दिवस मी ते पाहत होते आणि पुन्हा पुन्हा तसंच ओतत होते. तिसऱ्या दिवशी मी घरून करवंट्या नेल्या. कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या, एकेका मुलाला एकेक. करवंटी जमिनीवर ठेवायची, तीत पाणी ओतायचं आणि मागे सरकायचं. मग मुलं दोन्ही हातांनी ती उचलून पीत. अर्धं सांडे, अर्धं जाई.

वहिनीनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून एका मडक्यात पातळ ताक भरून दिलं, मीठ घातलेलं. कधी सकाळच्या पेजेची वरची निवळ देई. "उन्हातान्हाची पोरं," एवढंच म्हणाली. वखारीसमोरून नदीकाठच्या वाडीवाले कलिंगडं घेऊन स्टेशनाकडे जात. त्यातलं फुटकं एखादं ते आम्हाला देऊन जात. ते मी फोडून फोडी पानावर ठेवी. पाण्याला तोंड न लावणारी मुलं कलिंगडाला लावत. रस हनुवटीवरून गळे, त्यावर कुसळं चिकटत. कैऱ्या आल्यावर एक-दोनदा वहिनीनं पन्हंही दिलं. ते त्यांना आंबट लागलं. तोंडं वेडीवाकडी करत, पण पीत.

एक मुलगी मात्र काहीच घेत नव्हती.

ती सगळ्यांत लहान होती. तिच्या आईला मी वय विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गेल्या सालच्या शिमग्याच्या टायमाला झाली." म्हणजे वर्ष उलटून थोडेच दिवस झाले होते. धरून धरून उभी राहायची, दोन पावलं टाकायची आणि बसायची. तिच्यासमोर करवंटी ठेवली की ती तिच्याकडे बघे आणि तोंड घट्ट मिटून घेई. दुसऱ्या मुलांनी कलिंगड खाल्लं तरी ही हात पुढे करत नसे. मी पेजेची निवळ ठेवली, ताक ठेवलं. तिनं करवंटी पायानं लोटली.

दुपारी तिची आई भाकरी खायला आली तेव्हा मी सांगितलं, "ही पाणी पीत नाही."

"पिल गो बाय. तहान लागंल तवा पिल."

"सकाळपासून फडकं एकदाही ओलं केलं नाही तिनं."

आईनं मुलीचं फडकं चाचपलं. ते कोरडं होतं. आई उंच, हडकुळी, माझ्याच वयाची असेल. तिच्या केसांत गवत अडकलेलं होतं. ती खाली बसली आणि मुलीला मांडीवर घेतलं. मुलगी तिच्या छातीकडे वळली आणि लगेच तोंड फिरवून रडायला लागली.

"परवापासनं दूध तोडलंय तिचं," ती म्हणाली. "माझ्या पोटात दुसरं हाय. दूध बी नाय राहिलं. कडूनिंबाचा पाला वाटून लावला. आता ती काय तोंडाकडं नेलं की रडते. समदं कडूच वाटतं तिला."

तिनं आपल्या लोटक्यातलं पाणी मुलीच्या ओठाशी धरलं. मुलीनं दात आवळले. तेवढ्यात दाबावरून हाक आली आणि ती उठून गेली.

मुलगी रडत होती. मी तिच्याकडे पाहत होते आणि माझ्या लक्षात आलं की ती रडते आहे पण डोळ्यांत पाणी नाही. गाल कोरडे होते. ओठांच्या कडेला पांढरट साय धरली होती. मी चार हातांवर बसले होते. तिथून उठून जवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाळूची जागा खोल गेली होती. बोटाला खळगा लागला.

ती खूण मला ठाऊक होती.

भाद्रपदात आमच्या मुलाला जुलाब झाले. पहिल्या दिवशी आम्ही फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गळून गेला. सासूबाई म्हणाल्या, "पानी देऊ नको त्याला. पानी दिलं की पोट आनखी सुटतं." मुरबाडहून वैद्य आणला होता, त्यानंही तेच सांगितलं. पुडी दिली आणि म्हणाला, पाणी वर्ज्य. घरातल्या सगळ्यांना ते बरोबर वाटलं, मलाही बरोबर वाटलं. बाहेर पाऊस चालू होता. मी त्याला घेऊन पडवीत बसले होते आणि पागोळ्या गळत होत्या. त्यानं पागोळीकडे हात केला. हात ओला झाला तो त्यानं तोंडात घातला. मी त्याचा हात पुसला आणि त्याला उचलून आत नेलं. तो रडला, पण डोळ्यांतून काही आलं नाही. त्याची टाळू अशीच खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. माझं दूध त्यानंतर आठ दिवस येत होतं.

हे सगळं मला त्या करंजाखाली आठवलं. ते आठवून मला रडू आलं नाही. मला फक्त एवढं कळलं की ही मुलगी उद्यापर्यंत प्यायली नाही तर काय होईल ते मला माहीत आहे.

मी तिला मांडीवर घेतलं. लांबून द्यायचं, शिवायचं नाही, हे भावानं सांगितलेलं मला आठवत होतं. मी ते मोडत होते आणि मोडताना काही वाटलं नाही. फडक्याचं टोक भिजवून तिच्या ओठांना लावलं. तिनं मान फिरवली. बोटावर पेज घेऊन लावली. तिनं ती हातानं पुसून टाकली आणि तो हात मातीला घासला. करवंटी तिच्या तोंडाशी धरली. तिनं दात आवळले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा करवंटीकडे पाहिलं, पुन्हा माझ्या तोंडाकडे.

ती काय बघते आहे ते मला कळायला वेळ लागला. मग मी करवंटी माझ्या तोंडाला लावली आणि एक घोट प्यायले. ताक होतं, मीठ जरा जास्त पडलं होतं. मी गिळलं तेव्हा तिनं माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. मी करवंटी पुढे केली. तिनं ओठ उघडले आणि चिमणीएवढा घोट घेतला. तोंडात ठेवून बसली. कडू नाही असं कळल्यावर गिळला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा एक घोट घेतला. मग तिनं घेतला.

असं करत करत आम्ही ती करवंटी संपवली. मग दुसरी. मी आधी प्यायले नाही तर ती पीत नसे. फसवून चालत नसे. नुसती करवंटी तोंडाला लावली तर ती माझ्या गळ्याकडे बघत राही. गिळल्याचं दिसलं की मगच तोंड उघडी. तिसऱ्या प्रहरापर्यंत माझं पोट ताकानं तुडुंब झालं होतं. उन्हं कलताना तिनं माझं लुगडं ओलं केलं. मी ते तसंच वाळू दिलं.

त्यानंतर रोज तसंच चाललं. सकाळी पाणी, मग पेज, दुपारी ताक, कलिंगड असेल तर कलिंगड. फोड आधी मी चावायची, मग ती. मला तहान नसे, भूक नसे, पण तिच्यासाठी प्यावं लागे, खावं लागे. इतकं पाणी मी गेल्या सहा महिन्यांत प्यायले नव्हते. आठ-दहा दिवसांनी वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या तोंडावर जरा तकाकी आली."

पण ते फार दिवस लपण्यासारखं नव्हतं. गावातला एक गाडीवान गवत घेऊन वखारीत येई. त्यानं मला त्या मुलीच्या करवंटीतून पिताना पाहिलं. त्याच संध्याकाळी ते गावभर झालं. भाऊ घरी आला तो ओटीवरच थांबला. मला बाहेर बोलावलं.

"एकाच करवंटीतून पितेस तू?"

"हो."

"कशासाठी?"

"मी प्यायले नाही तर ती पीत नाही."

माझा भाऊ तसा वाईट माणूस नव्हता. वखारीत कोणावर हात उगारल्याचं मी ऐकलं नाही. तो म्हणाला, "तिला आई हाय ना?"

"आई कामाला असते. आणि आईच्या हातचं ती घेत नाही. कडू लागेल असं वाटतं तिला."

"बाय, मला गावात राहायचं हाय."

"मी उद्या जाऊ नको का?"

त्याला हो म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो म्हणाला, "मी काय सांगू? तुझं तू बघ."

त्या दिवसापासून माझं ताट आणि तांब्या मागच्या पडवीत आला. वहिनी वरून वाढू लागली. विहिरीवर बायका माझा हंडा दुसऱ्या हंड्यांना लागू देत नसत. मी भरून बाजूला होईपर्यंत त्या थांबत. हे सगळं मला दिसत होतं. कोणी विचारलं असतं की तुला वाईट वाटतं का, तर खरं उत्तर असं की पडवीत भात जरा लवकर गार व्हायचा. बाकी फरक मला जाणवत नव्हता. पुढे कधीतरी नातवंडांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, आजी, किती धीराची तू. धीर नव्हता तो. धीर यायला आधी भीती वाटावी लागते.

वहिनी मात्र ताकाचं मडकं रोज देतच राहिली. पडवीच्या कट्ट्यावर ठेवी आणि आत जाई. एकदा मडकं ठेवताना आतूनच म्हणाली, "आज मीठ बेतानं घातलंय."

चैत्र संपता संपता माझे यजमान आले. घरी मी नाही म्हटल्यावर तसेच वखारीत आले. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. ते थोडे दूर एका गाठीवर बसले, टोपी काढली, धोतराच्या सोग्यानं घाम पुसला. कोणीतरी त्यांना वाटेत सगळं सांगितलेलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. आमचं पिणं ते पाहत होते. एक घोट मी, एक घोट ती.

मग म्हणाले, "न्यायला आलो होतो."

"गवत संपू दे."

"किती दिवस?"

"माहीत नाही. पावसाच्या आधी."

ते मान हलवून बसून राहिले. दाबावर पुरुष 'हो' म्हणून एकदम जोर लावत होते. गाठ आवळताना दोर करकरत होता. बऱ्याच वेळानं ते मुलीकडे बघत म्हणाले, "आपन पानी द्यायला पाहिजे होतं त्याला."

भाद्रपदानंतर ते पहिल्यांदाच त्याच्याविषयी बोलत होते. मी मुलीच्या हनुवटीवर सांडलेलं ताक पदरानं पुसलं. त्यांनी टोपी घातली आणि वैशाख संपताना येतो म्हणून गेले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. सदऱ्यावर घामाचा मोठा डाग होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी त्या मुलीच्या आईला म्हटलं, "तू तिला पाज."

"माझ्या हातचं घेत नाय ती."

"तू आधी पी. तिला दिसेल असं गिळ. मग दे."

तिनं भाकरीच्या सुट्टीत करवंटी घेतली, एक घोट प्यायली आणि मुलीपुढे धरली. मुलीनं तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी आई चिडली, "पी गो, मेले," म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगितलं की रागावून नको, दोन्ही हातांनी धर, घाई करू नको. चौथ्या दिवशी मी मुद्दाम झाडाच्या पलीकडे जाऊन बसले, मुलीला दिसणार नाही अशी. आई पीत होती, देत होती, पुन्हा पीत होती. बऱ्याच वेळानं मुलीनं आईच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग प्यायली.

आईनं मला हाक मारली नाही. ती देत राहिली. मी झाडामागून ते पाहिलं.

पुढे पुढे ती मुलगी आईच्याच हातचं घेऊ लागली. आई भल्या सकाळी कामाला जाण्याआधी तिला पोटभर पाजी, दुपारी पाजी, आणि मधल्या वेळात मुलगी इतर मुलांबरोबर करवंटी उचलून आपली आपण पिऊ लागली. एवढ्यात ती चालायलाही लागली होती. माझ्या मांडीवर यायची, पण खेळून झालं की. करवंटीसाठी यायची नाही. एके दिवशी दुपारी मी नुसतीच बसले होते. घसा कोरडा पडला होता. मला आधी कळेना काय होतंय. मग कळलं की मला तहान लागली आहे. मी कळशीतलं पाणी घेतलं आणि प्यायले. कोणासाठी नाही, नुसतीच. एक तांब्या पूर्ण प्यायले आणि आणखी अर्धा.

त्या उन्हाळ्यातली तेवढी एक गोष्ट मला अंगाला लागल्यासारखी आठवते. बाकी सगळं लांबून पाहिल्यासारखं आहे.

वैशाखाच्या अखेरीस गवत संपलं. एके सकाळी मी कळशा घेऊन गेले तर खोपटं उघडी पडली होती. ती माणसं पहाटेच डोळखांबच्या वाटेला लागली होती. पावसाच्या आधी वर डोंगरात पोचून त्यांना पालापाचोळा जाळून नाचणीसाठी जमीन भाजायची असते. चुलीचे दगड तसेच होते, राख अजून कोमट होती. भाऊ म्हणाला, "तुला सांगून जायचं म्हनत व्हती ती बाई. मी म्हटलं, निघा, ऊन व्हईल." मी कळशा घेऊन परत आले. वाटेत एक कळशी मी रस्त्याकडेच्या आंब्याच्या रोपाला ओतली, कारण उचलून परत न्यायची काही गरज नव्हती.

ती मुलगी पुढे जगली की नाही मला माहीत नाही. तिच्या आईला दुसरं मूल झालं की नाही, तेही माहीत नाही. पुढच्या वर्षी त्या वखारीत दुसरी कुटुंबं आली असं भावानं कळवलं.

यजमान सांगितल्याप्रमाणे आले. आम्ही वाशिंदहून कल्याणला गेलो, कल्याणहून मोटारीनं मुरबाडला आणि तिथून पुढे पायी. निघताना वहिनीनं माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. ती भरताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि तिनं ती मागे घेतली नाहीत. भाऊ स्टेशनापर्यंत आला. गाडी आली तेव्हा म्हणाला, "जप." मी मान हलवली.

सासरी कोणी काही बोललं नाही. माहेरची गोष्ट तिथपर्यंत पोचली होती की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. मी पुन्हा कामाला लागले. पाऊस आला, रोपं वाढली, आषाढात लावणी सुरू झाली. मी आणि सासूबाई एका ओळीत वाकून रोपं लावत होतो. गुडघाभर चिखल, वरून बारीक पाऊस. त्या माझ्या डाव्या हाताला होत्या. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिकडं कोना कातकऱ्याच्या पोरीला तू पानी पाजलंस म्हनं?"

"हो."

"जुलाब व्हते तिला?"

"नाही. ती पीतच नव्हती. सुकली होती."

"टाळू खाली गेली व्हती?"

"हो."

"मग पिल्यावर वर आली?"

"आली. तीन-चार दिवसांत."

त्यांनी हातातली रोपांची मूठ संपवली, दुसरी मूठ घेतली आणि तिचा दोरा सोडला.

"माझे दोन गेले असे," त्या म्हणाल्या. "मलाबी सासूनं तसंच सांगितलं व्हतं. तिला कोनी सांगितलं, देव जाने."

मी म्हटलं, "हं."

बांधावरून कोणीतरी आणखी मुठी फेकल्या, त्या आमच्या पुढ्यात चिखलात पडल्या. आम्ही एक पाऊल मागे सरकलो आणि पुढची ओळ लावायला घेतली.